बेसबॉलचा स्विंग : पावलापासून बॅटच्या टोकापर्यंतचा क्रम

बेसबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यावरील फळी आणि फलंदाजाजवळची जमिनीत बसवलेली होम प्लेट यांच्यातील अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते. परंतु पिचर लांब पाऊल टाकून चेंडू सोडतो तेव्हा त्याचा हात प्लेटपासून साधारण ५५ फुटांवर आलेला असतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. बॅट पुढे निघाल्यापासून चेंडूला भिडेपर्यंत चांगल्या फलंदाजाला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू पाहायचा, ओळखायचा आणि तो मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. म्हणूनच स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची क्रिया, सुरू झाल्यावर त्यात जाणीवपूर्वक काही सुधारता येत नाही. जे सुधारायचे ते आधी, सावकाश हालचालींतून, अंगात मुरवावे लागते.

नवशिक्या खेळाडूचा, आणि त्याहून अधिक त्याच्या पालकांचा, असा समज असतो की चेंडू लांब जातो तो दंडांच्या ताकदीने. प्रत्यक्षात हात हे या साखळीतले शेवटून दुसरे कडे आहे आणि शेवटचे कडे म्हणजे बॅट. शेतातली पाखरे हाकणाऱ्या राखणदाराची गोफण आठवावी. त्याची पावले रोवलेली असतात, कंबर आधी वळते, खांदा मागाहून येतो आणि दोरी सर्वांत शेवटी सुटते. स्विंगमध्येही पायांनी जमिनीला दिलेला रेटा खुब्यांकडे, खुब्यांतून धडाकडे, धडातून खांद्यांकडे आणि तेथून हातांवाटे बॅटकडे जातो. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. हा क्रम उलटला की कितीही बळकट माणसाचा फटका लुळा पडतो, आणि क्रम बरोबर असेल तर किरकोळ अंगाचा मुलगाही चेंडू कुंपणापर्यंत पोहोचवतो. पुढील वर्णन उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्यासाठी आहे. पिचरकडचा डावा पाय, डावा हात आणि डावा खांदा यांना ‘पुढचा’ आणि उजव्यांना ‘मागचा’ म्हटले आहे. डावखुऱ्यांनी सर्व उलट समजावे.

बॅटची निवड

व्यावसायिक खेळाडूंची लाकडी बॅट बहुधा ३३ ते ३४ इंच लांब आणि ३१ ते ३२ औंस, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नियमानुसार ती ४२ इंचांपेक्षा लांब आणि २.६१ इंचांपेक्षा जाड असू शकत नाही. शिकणाऱ्याने मात्र मोठ्यांची बॅट पाहून आपली निवडू नये. चेंडू बॅटवरून किती वेगाने निघेल याचा एक ढोबळ हिशेब आहे: बॅटच्या वेगाची १.२ पट आणि येणाऱ्या चेंडूच्या वेगाची ०.२ पट यांची बेरीज. प्लेटवर ताशी १३० किलोमीटर वेगाने आलेल्या चेंडूला ११० किलोमीटर वेगाची बॅट नीट लागली, तर चेंडू १५८ किलोमीटर वेगाने परततो, आणि त्यांतले १३२ किलोमीटर एकट्या बॅटच्या वेगाचे असतात. त्यामुळे ज्या बॅटचे वजन फिरवणाऱ्याला मंद करते, ती बॅट कितीही भारदस्त दिसली तरी तोट्याची ठरते. माझी साधी कसोटी अशी की मुलाने बॅट एका हाताने मुठीच्या टोकाशी धरून, हात खांद्याच्या उंचीला बाजूला पसरून, पंधरा-वीस सेकंद आडवी धरावी. तेवढ्यात ती थरथरून खाली आली, तर एक माप हलकी घ्यावी.

लाकडी बॅटवरील छाप चेंडू लागतेवेळी आकाशाकडे किंवा जमिनीकडे असावी. छापेवर चेंडू लागला की बॅट मोडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांतली मुले लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, खेळतात, त्यांनी बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का असल्याचे पाहूनच खरेदी करावी, कारण २०१८ पासून तेथे बालगटांसाठी तो आवश्यक आहे. भारतातून हौसेने नेलेली बॅट तिथे पंच बाजूला ठेवायला लावतील.

मूठ

येथे क्रिकेटमधून आलेल्यांचा शब्दांचा गोंधळ आधी दूर करायला हवा. क्रिकेटमध्ये दांड्याच्या टोकाकडच्या हाताला आपण ‘वरचा हात’ म्हणतो, कारण बॅट खाली टेकलेली असते. बेसबॉलची बॅट वर उभी असल्याने तोच डावा हात ‘खालचा’ होतो आणि उजवा ‘वरचा’. हातांची जागा तीच, नावे मात्र उलटी. प्रशिक्षक ‘वरचा हात सैल ठेव’ म्हणाला की क्रिकेटचा मुलगा डावा हात सैल सोडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बॅट तळव्यात खोल खुपसून धरू नये. ती बोटांच्या मुळाशी, जेथे बोटे तळव्याला मिळतात त्या रेषेवर टेकावी. कुऱ्हाड धरताना बोटे जशी आपोआप बसतात तशी ती बसली की दोन्ही हातांची मधली पेरे जवळजवळ एका ओळीत येतात. पकड घट्ट असण्याची गरज नाही. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळ टिकतो, आणि आघाताची लहर दांड्यावरून हातापर्यंत जाऊन परत येण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे त्या क्षणी मूठ किती आवळली आहे याचा चेंडूच्या वेगावर परिणाम होत नाही. उलट आधीपासून आवळलेली मूठ मनगट आणि कोपर ताठर करते. बॅट हातातून निसटणार नाही इतपत पकड पुरते. स्विंगच्या वेगाने बोटे पुढे आपोआप आवळली जातात.

उभे राहणे

पावले खांद्यांपेक्षा थोडी रुंद, गुडघे किंचित वाकलेले, भार टाचांवर नव्हे तर चवड्यांवर, आणि कंबरेतून धड थोडे प्लेटकडे झुकलेले असावे. प्लेट १७ इंच रुंद असते. वाकून बॅटचे टोक तिच्या पलीकडच्या कडेला आरामात टेकेल इतक्या अंतरावर उभे राहावे. हनुवटी पुढच्या खांद्यावर आणावी, म्हणजे दोन्ही डोळे पिचरकडे राहतात. मान अर्धवट वळवणारा फलंदाज नकळत एकाच डोळ्याने चेंडू पाहत असतो. हात मागच्या खांद्याजवळ. मागचे कोपर उंच असावे की खाली, बॅट उभी असावी की आडवी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोठमोठे खेळाडू निरनिराळ्या ढंगांनी उभे राहतात आणि चेंडूपर्यंत पोहोचताना जवळपास सारखेच दिसतात.

मागे साठवणे आणि पुढचे पाऊल

पिचर पाय उचलतो तेव्हा फलंदाजाने थोडे मागे जायचे असते. भार मागच्या पायाच्या आतल्या बाजूवर, म्हणजे अंगठ्याच्या रेषेवर घ्यावा. तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर गेला की गुडघा मागे कलंडतो आणि पुढे निघायला आधारच उरत नाही. त्याच वेळी हात दोन-चार इंच मागे सरकतात आणि पुढचा खांदा किंचित आत वळतो. ही हालचाल लहान असावी. मोठी पीळ घेऊन वेळेवर परतणे अवघड असते.

पाऊल टाकणे हा माझ्या मते संपूर्ण स्विंगमधला सर्वांत कमी शिकवला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा टप्पा आहे. पाऊल पुढे जाते, पण शरीराचा भार त्याच्याबरोबर सगळाच जाता कामा नये. नुकत्याच सारवलेल्या अंगणात ठसा उमटू नये म्हणून आपण जसा आधी चवडा हलकेच टेकवतो, तसा पुढचा पाय टेकावा. बोटे पूर्णपणे पिचरकडे न वळवता साधारण अर्ध्या काटकोनात ठेवावीत. पाऊल पुढे जाताना हात मात्र मागेच, किंबहुना आणखी थोडे मागे राहतात, आणि त्यामुळे पोटाच्या व बरगड्यांच्या स्नायूंत जो ताण तयार होतो तोच पुढे फटक्याचा वेग होतो. पाय आणि हात एकदमच पुढे गेले तर हा ताण तयारच होत नाही. चेंडू निम्म्या वाटेवर येण्याआधी पाय जमिनीवर असावा; उशिरा टेकणारा पाय हे वेगवान पिचरपुढे चुकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

पाय किती उचलावा हा ज्याच्या त्याच्या अंगाचा प्रश्न आहे. जपानच्या योमिउरी जायंट्सचे सादाहारू ओह एका पायावर बगळ्यासारखे उभे राहून चेंडूची वाट पाहत, आणि त्यांनी कारकिर्दीत ८६८ होम रन, म्हणजे बहुधा कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले. याउलट त्याच देशाच्या शोहेई ओहतानीने २०१८ मध्ये अमेरिकेत येताच तेथील वेगाला तोंड देण्यासाठी पाय उचलणे सोडले आणि केवळ टाच उचलून टेकवण्यावर भागवले. त्याच्या फटक्याची ताकद त्यामुळे कमी झाली नाही. शिकणाऱ्याने लहान पावलापासून सुरुवात करावी.

खुबे आधी, खांदे नंतर

पुढची टाच जमिनीवर बसली की खरा स्विंग सुरू होतो. मागचा गुडघा आत आणि पुढे वळतो, त्याच्याबरोबर मागचा खुबा येतो, आणि बेल्टचे बक्कल पिचरकडे वळू लागते. या क्षणी खांदे अजून जवळजवळ बंद असतात. पुढचा पाय, जो टेकताना किंचित वाकलेला होता, तो आता सरळ होत रेटा देतो. पुढे जाणारे शरीर त्या पायावर अडते आणि सरळ गती फिरण्यात बदलते. दारातून धावत निघालेल्या माणसाने चौकट पकडली तर तो जसा गर्रकन वळतो, तसेच हे आहे. पुढचा गुडघा ढिला राहिला तर शरीर पुढे वाहतच राहते आणि फिरण्याचा वेग तिथेच गळून जातो.

अनेक ठिकाणी मुलांना मागच्या पायाने विडीचे थोटूक चिरडल्यासारखा चवडा जागच्या जागी पिळायला शिकवतात. लहान मुलांना खुबा वळवण्याची जाणीव करून देण्यापुरते ते ठीक आहे, पण सवय म्हणून ते अपुरे आहे, कारण मग भार मागेच अडकून बसतो. चांगल्या फलंदाजांची संथगती चित्रफीत पाहिली तर चेंडू लागतेवेळी त्यांचा मागचा पाय हलका झालेला, बऱ्याचदा केवळ बुटाच्या टोकावर टेकलेला दिसतो. पाऊल मुद्दाम पिळायचे नसून खुब्याने ते ओढत नेलेले असते.

हातांचा आणि बॅटचा मार्ग

खुब्यांमागून खांदे वळू लागले की मागचे कोपर खाली उतरून बरगड्यांजवळ येते आणि बॅटचे जाड टोक मागे, जवळजवळ आडवे पडते. नवशिक्याला येथे हात लांब करून चेंडूकडे झेपावण्याचा मोह होतो. जाळे फेकणाऱ्यासारखे हात बाहेर गेले की बॅटचा मार्ग लांबतो, ती उशिरा पोहोचते, आणि आतल्या बाजूचा चेंडू मुठीवर लागून हात झिणझिणतात. हात शरीराजवळून जावेत, मुठीचे टोक आधी चेंडूच्या दिशेने निघावे आणि जाड टोक शेवटी झपकन बाहेर यावे. मनात चेंडूची आतली, म्हणजे आपल्याकडची बाजू मारायची असे धरले तर हात आपोआप आत राहतात.

आता उताराचा प्रश्न. पिचर १० इंचांच्या उंचवट्यावरून चेंडू सोडतो आणि गुरुत्वाकर्षणही असतेच. त्यामुळे वेगवान चेंडूसुद्धा प्लेटवर साधारण सहा अंशांनी खाली येत असतो, आणि फिरकी देऊन टाकलेला कर्व्ह बॉल त्याहून अधिक उतरत येतो. बॅट वरून खाली कुऱ्हाडीसारखी चालवली तर तिचा मार्ग आणि चेंडूचा मार्ग एकाच बिंदूत छेदतात. बॅट तेवढ्याच अंशांनी किंचित वर जात असेल तर दोघांचे मार्ग बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकांवर राहतात, आणि थोडे लवकर वा थोडे उशिरा झाले तरी चेंडू सापडतो. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी (म्हणजे दर हजार संधींमागे ४०६ यशस्वी फटके) नोंदवणारे बोस्टनचे फलंदाज टेड विल्यम्स हेच सांगत असत, तरी ‘खाली मार’ हा आदेश मैदानांवर पुढे कित्येक दशके टिकला. २०१५ पासून मेजर लीगमध्ये प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन मोजला जाऊ लागला, तेव्हा विल्यम्स यांचे म्हणणे आकड्यांत दिसले: १० अंशांखालचे फटके जमिनीवरून घरंगळतात, १० ते २५ अंशांचे सणसणीत जातात, आणि होम रन बहुतांशी २५ ते ३० अंशांच्या आसपासचे असतात. अर्थात शाळकरी मुलाने मुद्दाम चेंडू उंच उचलू नये. अंगात पुरेसा वेग नसताना ३० अंशांचा फटका म्हणजे क्षेत्ररक्षकाला दिलेला सोपा झेल.

चेंडू लागतो तेव्हा

या क्षणी डोके स्थिर आणि पोटाच्या रेषेच्या थोडे मागे, पुढचा पाय ताठ, मागचा पाय गुडघ्यात वाकलेला, पुढचे कोपर जवळजवळ सरळ आणि मागचे अजून वाकलेले असावे. वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्याचा जमिनीकडे असतो. मनगटे उलटणे चेंडू गेल्यानंतरचे आहे. आधी उलटली तर बॅट चेंडूच्या डोक्यावरून जाते आणि चेंडू जमिनीत खुपसला जातो. बॅटच्या जाड टोकापासून पाच ते सात इंचांवरचा भाग चेंडूला सर्वाधिक वेग देतो. तेथे लागल्यास हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही.

लागण्याची जागा प्रत्येक चेंडूला सारखी नसते. अंगाकडचा चेंडू प्लेटच्या बराच पुढे, मधला थोडा पुढे आणि दूरचा चेंडू प्लेटवर येऊ देऊन मारावा. बॅट या वेळी एका शतांश सेकंदात वीस अंशांहून अधिक फिरत असते; तेवढ्या चुकीने मैदानाच्या मध्यावर जाणारा फटका कडेच्या रेषेकडे सरकतो. त्यानंतरचा भाग, म्हणजे बॅट खांद्यावर दोन्ही हातांनी न्यावी की वरचा हात सोडावा, हा सवयीचा आहे. तोल सांभाळून दोन्ही पायांवर उभे राहता आले म्हणजे झाले.

क्रिकेट आणि सॉफ्टबॉलमधून येणाऱ्यांसाठी

क्रिकेटच्या सवयींपैकी चेंडूकडे शेवटपर्यंत पाहण्याची सवय येथे कामी येते. पुढचे कोपर उंच ठेवून सरळ बॅटने खेळण्याची आणि भार पुढच्या पायावर ओतण्याची सवय मात्र सोडावी लागते, कारण येथे टप्पाच नसतो. प्रत्येक चेंडू फुलटॉस असतो आणि त्याला जमिनीवरच खेळण्याचे कारण नसते. मला विचाराल तर विटीदांडू खेळलेल्या मुलाला हा आडवा फटका लवकर साधतो. महाराष्ट्रात शालेय पातळीवर सॉफ्टबॉल बराच खेळला जातो, आणि त्या खेळाडूंचा स्विंग मुळात हाच असतो. मुलींच्या वेगवान सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवर असल्याने १०० किलोमीटर वेगाचा चेंडूही साधारण तितक्याच वेळात प्लेटवर येतो. फरक उताराचा: खालून सोडलेला चेंडू कमी उतरत येतो, म्हणून बॅटचा मार्ग थोडा अधिक सपाट ठेवावा.

सराव

पहिले दोन आठवडे चालत्या चेंडूवर सराव करू नये. कमरेच्या उंचीच्या टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर, चेंडू ठेवून समोर जाळी लावावी; टी मिळाली नाही तर बांबूच्या टोकावर जाड रबरी नळीचा तुकडा बसवून काम भागते. पहिले दहा स्विंग थांबत करावेत: पाऊल टाकावे, दोन सेकंद तसेच थांबून हात मागे आहेत का हे पाहावे, आणि मगच फिरावे. पुढचे दहा न थांबता, पण निम्म्या वेगाने. त्यानंतर पंधरा पूर्ण वेगाने, प्रत्येक पाचांनंतर टी आत, मध्ये आणि बाहेर हलवून. चेंडू जाळीत मध्यावर, डोळ्यांच्या उंचीला सरळ लागत असेल तर मार्ग ठीक आहे. फिरकी घेत बाजूला वळत असेल तर मनगटे लवकर उलटत आहेत किंवा हात बाहेर जात आहेत. यानंतर जोडीदाराने बाजूने, जाळीआडून, हलकेच चेंडू टाकून द्यावेत, आणि खराखुरा पिचर सर्वांत शेवटी. समोरून चेंडू येत असेल तर सरावातही हेल्मेट हवेच. वजनाचे कडे घालून बॅट फिरवण्याची पद्धत आहे. त्यानंतर बॅट हलकी वाटते, वेग मात्र वाढत नाही.

मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण करावे, म्हणजे संपूर्ण स्विंग साधारण ३६ चित्रांत दिसतो. मोबाईल फलंदाजाच्या छातीसमोर, कमरेच्या उंचीला ठेवावा. तीनच चित्रे थांबवून पाहावीत. पुढची टाच टेकते त्या चित्रात हात मागच्या खांद्याजवळ आहेत का; बॅट पुढे निघते त्या चित्रात बक्कल छातीच्या आधी वळले आहे का; चेंडू लागतो त्या चित्रात डोके पुढच्या गुडघ्याच्या मागे आहे का. पहिल्या चित्रात दोष असेल तर उरलेली दोन पाहू नयेत, कारण तेथले दोष बहुधा त्याच्यातूनच आलेले असतात. एका दिवशी एकच दोष हाती घ्यावा, आणि चाळीस-पन्नास स्विंगनंतर बॅटचे टोक जड वाटून खाली लोंबू लागले की त्या दिवसाचा सराव थांबवावा.